अल्कलाइन फॉस्फेटेज म्हणजे नक्की काय: नातवाचं ३४२ आणि आजीचं १८६, काळजी कोणाची करायची?

ताईंनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा. घोडबंदर रोडला त्यांच्या सोसायटीत हेल्थ कॅम्प झाला, स्वस्तात पॅकेज होतं म्हणून घरातल्या सगळ्यांनी रक्त दिलं. तेरा वर्षांच्या मुलाचं अल्कलाइन फॉस्फेटेज ३४२ आलं, समोर ठळक एच म्हणजे हाय, आणि रेंज छापलीय ४० ते १३०. सासूबाईंचं, वय ६८, आलं १८६. दोघांचं बिलिरुबिन, एसजीपीटी, जीजीटी या लिव्हरच्या बाकीच्या टेस्ट सगळ्या नॉर्मल. आता घरात सगळे मुलाच्या मागे लागलेत, लिव्हरला सूज आहे म्हणून त्याचं तूप, अंडी, दूध बंद केलंय, आणि शेजारच्यांनी सांगितलं की शरीरात अल्कली वाढलीय तर किचनमधलं अल्कलाइन पाण्याचं मशीन बंद करा. ताई विचारतायत की या शब्दाचा अर्थ तरी काय आणि मुलाला कोणत्या डॉक्टरांकडे न्यायचं.

मी ठाण्यात पॅथॉलॉजी लॅबमध्ये बायोकेमिस्ट्रीचं काम बघते, बरीच वर्षं झाली, आणि हा रिपोर्ट हातात धरून घाबरलेले आईवडील मला नेहमी भेटतात, म्हणून आधी थेट उत्तर देते आणि मग सविस्तर लिहिते. तेरा वर्षांच्या मुलाचं ३४२ नॉर्मल आहे. त्याचं दूध, अंडी, तूप आजच चालू करा. त्याच्यासमोर छापलेली रेंज मोठ्या माणसांची आहे. आणि तुमचा रिपोर्ट वाचताना माझी नजर थांबली ती सासूबाईंच्या १८६ वर, ज्याच्याबद्दल तुम्ही एकच ओळ लिहिलीय आणि पुढे जाता जाता असंही लिहिलंय की त्यांची कंबर आणि मांड्या दुखतात, जिना चढताना त्रास होतो, पण ते वयामुळेच असेल.

आता अर्थ. फॉस्फेटेज म्हणजे एखाद्या रेणूला चिकटलेला फॉस्फेटचा गट पाण्याच्या मदतीने तोडून वेगळा करणारं एन्झाइम, शाळेत आपण विकर म्हणायचो तेच. जगभर प्रत्येक एन्झाइमला एक नंबर असतो, याचा आहे ईसी ३.१.३.१, त्यातला पहिला ३ हे सांगतो की हे पाणी वापरून बंध तोडणाऱ्या गटातलं आहे. शेजारचा नंबर ३.१.३.२ म्हणजे ॲसिड फॉस्फेटेज, काम तेच, फक्त ते आम्लधर्मी द्रावणात, पीएच ५ च्या आसपास चांगलं चालतं, आणि आपलं अल्कलाइनवालं पीएच ९-१० च्या आसपास सगळ्यात जोरात चालतं. नावातल्या अल्कलाइनचा अर्थ एवढाच, की टेस्ट करताना ट्यूबमध्ये हे एन्झाइम कुठल्या पीएचला जास्त काम करतं. तुमच्या शरीरात अल्कली किती आहे याच्याशी त्याचा काही संबंध नाही. रक्ताचा पीएच ७.३५ ते ७.४५ मध्येच असतो आणि तो तिथे धरून ठेवायचं काम फुप्फुसं आणि किडन्या रात्रंदिवस करतात, प्यायलेलं पाणी तर आधी पोटातल्या ॲसिडमध्ये जाऊन पडतं. त्यामुळे मशीन चालू ठेवा नाहीतर विकून टाका, या आकड्यावर त्याचा परिणाम होणार नाही.

रिपोर्टवर हे नाव वेगवेगळ्या पद्धतीने येतं, कुठे एएलपी, कुठे एसएपी, कुठे अल्क फॉस, सगळं एकच. पण एएलटी वेगळं बरं का, एएलटी म्हणजे एसजीपीटी. एका अक्षराचा फरक आहे आणि फोनवर रिपोर्ट सांगताना लोक हमखास गडबड करतात, एएलटी ३४२ ऐकलं तर डॉक्टर कावीळ शोधायला लागतील आणि एएलपी ३४२ असेल तर आधी पेशंटचं वय विचारतील. तिसरं एक एएफपी असतं, ती ट्यूमर मार्करची टेस्ट आहे, याच्याशी काही देणंघेणं नाही. म्हणून रिपोर्ट फोनवर वाचून दाखवू नका, फोटो पाठवा.

दुसरी महत्त्वाची गोष्ट ही की ३४२ हे एन्झाइमचं वजन नाहीये. साखर १०० म्हणजे एवढ्या रक्तात १०० मिलिग्रॅम साखर, तसं इथे नसतं. एन्झाइम आम्ही त्याच्या कामावरून मोजतो. एक युनिट म्हणजे एका मिनिटात एक मायक्रोमोल पदार्थाचं रूपांतर करेल एवढं एन्झाइम. आम्ही काय करतो, तुमच्या सिरममध्ये, म्हणजे रक्त गोठल्यावर वर राहणाऱ्या पिवळसर द्रवात, पॅरा-नायट्रोफेनिल फॉस्फेट नावाचा रंगहीन पदार्थ घालतो, सिरममधलं एएलपी त्याचा फॉस्फेट तोडतं आणि उरतं ते पॅरा-नायट्रोफेनॉल, जे अल्कलाइन द्रावणात पिवळंधमक दिसतं, मग मशीन ३७ डिग्रीला, ४०५ नॅनोमीटरच्या प्रकाशात, तो पिवळेपणा मिनिटागणिक किती वाढतोय ते बघतं आणि त्याच्यावरून आकडा काढतं. म्हणजे रिपोर्टवर येतो तो एक वेग असतो.

आणि वेग म्हटला की परिस्थिती बदलली की तो बदलणार. बफर, म्हणजे टेस्टमध्ये पीएच स्थिर ठेवणारं द्रावण, कुठलं वापरलं यावर फरक पडतो, एएमपी नावाचं बफर वापरणाऱ्या पद्धतीपेक्षा डीईए बफरवाल्या पद्धतीत त्याच सिरमचा आकडा बराच जास्त येतो, दोन्ही लॅब बरोबर असूनही. त्यामुळे वाशीच्या लॅबचा आकडा आणि नौपाड्याच्या लॅबचा आकडा शेजारी ठेवून वाढलं की कमी झालं हे ठरवू नका, प्रत्येक आकडा त्याच रिपोर्टवरच्या रेंजशी लावून बघायचा आणि फॉलोअप शक्यतो एकाच लॅबमध्ये करायचा. जुन्या फायलींमध्ये केए युनिट दिसतं, किंग आणि आर्मस्ट्राँग या दोघांच्या १९३४ च्या पद्धतीवरून, त्यात मोठ्या माणसाचं नॉर्मल ३ ते १३ असायचं. एक केए युनिट म्हणजे आत्ताचे साधारण ७.१ युनिट पर लिटर. एखाद्या आजोबांचा जुना रिपोर्ट ९ आणि नवा ७० बघून मुलं धावत येतात, आता शेर आणि किलोचे आकडे एकमेकांशी कसे जुळतील, गुणाकार केला तर दोन्ही जवळपास सारखेच निघतात.

युनिटवरून अजून एक गोंधळ होतो. व्हिटॅमिन डीची साठ हजाराची सॅशे मिळते, त्यावरही आययू लिहिलेलं असतं आणि काही लॅब एएलपीपुढे आययू पर लिटर लिहितात, पण ही दोन वेगळी मापं आहेत. व्हिटॅमिन डीचं आययू शेवटी वजनात सांगता येतं, ४० आययू म्हणजे एक मायक्रोग्रॅम, एन्झाइमचं युनिट म्हणजे वर सांगितलेला कामाचा वेग.

आता मुख्य मुद्दा, हे रक्तात येतं कुठून. पॅकेजमध्ये हा आकडा लिव्हर फंक्शन टेस्टच्या खाली छापलेला असतो, त्यामुळे लोकांना वाटतं की हे लिव्हरचंच एन्झाइम आहे, आणि माझ्या मते रिपोर्टच्या या मांडणीनेच घराघरात सगळ्यात जास्त घोळ घातलाय. खरं म्हणजे माणसात या एन्झाइमची चार जीन्स आहेत. एक आतड्याचं, एक प्लेसेंटाचं म्हणजे वारेचं, एक त्याच्याच जवळचं जर्म सेलवालं म्हणजे बीजपेशींमधलं, आणि चौथं ज्याचं एन्झाइम लिव्हर, हाडं आणि किडनी अशा बऱ्याच ठिकाणी तयार होतं. मोठ्या माणसाच्या रक्तातलं बहुतेक एएलपी हे लिव्हर आणि हाडं मिळूनच आलेलं असतं, आणि गंमत अशी की या दोघांचं जीन एकच, प्रोटीनची साखळी तीच, फक्त वर लागलेल्या शर्करेच्या साखळ्या वेगळ्या. म्हणून नेहमीच्या टेस्टला ते वेगळे ओळखता येत नाहीत, पिवळा रंग दोघंही सारखाच देतात. वेगळे करायचे असतील तर इलेक्ट्रोफोरेसिस किंवा हाडांच्या एएलपीची खास टेस्ट करावी लागते. जुने लोक सिरम ५६ डिग्रीला दहा मिनिटं तापवायचे, हाडांचं एन्झाइम उष्णतेने लवकर मरतं, लिव्हरचं त्यापेक्षा टिकतं आणि प्लेसेंटाचं तर ६५ डिग्रीलाही तग धरतं.

हाडात त्याचं काम काय ते समजलं की मुलाचा आकडा आपोआप समजेल. नवीन हाड घालणाऱ्या पेशी असतात, ऑस्टिओब्लास्ट, त्यांच्या पृष्ठभागावर हे एन्झाइम असतं. हाडात कॅल्शियम-फॉस्फेट साचायला अडथळा आणणारा पायरोफॉस्फेट नावाचा एक पदार्थ आजूबाजूला असतो, एएलपी तो तोडतं, त्यामुळे अडथळा जातो आणि वर बांधकामाला फॉस्फेटही मिळतो. जितकं नवीन हाड घातलं जातंय तितकं एएलपी रक्तात जास्त. तेरा वर्षांचा मुलगा म्हणजे उंची झपाट्याने वाढायचं वय, शाळेचा युनिफॉर्म वर्षात आखूड होतो ते काय उगाच. या वयात मुलग्यांचं ४०० च्या वर गेलं तरी ते नॉर्मल रेंजमध्ये असू शकतं. मुलींमध्ये हा चढ लवकर येतो आणि पाळी सुरू झाल्यावर आकडा लवकर उतरायला लागतो, मुलग्यांचा उशिरा येतो आणि उशिरा उतरतो, सतरा-अठरापर्यंत हळूहळू मोठ्यांच्या पातळीला येतो. लॅबच्या सॉफ्टवेअरमध्ये वय आणि लिंगाप्रमाणे रेंज भरलेली असायला हवी, कॅम्पच्या रिपोर्टमध्ये बऱ्याचदा सगळ्यांना एकच छापतात, आणि मग कॉम्प्युटर इमानदारीत एच टाकतो. मुलाचं एसजीपीटी, जीजीटी, बिलिरुबिन नॉर्मल आहे, खेळतो, वाढतोय, हाडं दुखत नाहीत, पाय वाकलेले नाहीत, तर काही करायचं नाही, परत टेस्टसुद्धा नको.

पाच वर्षांच्या आतल्या मुलांमध्ये तर कधीकधी हजारांमध्ये आकडा येतो, बहुतेकदा साध्या व्हायरल आजारानंतर, मूल छान खेळतंय, बाकी सगळं नॉर्मल, आणि काही आठवडे ते महिन्यांत आपोआप उतरतो. पीडियाट्रिशियनना हे माहीत असतं, तुम्ही इंटरनेटवर शोधत बसलात तर रात्रभर झोप लागणार नाही.

प्रेग्नन्सीत शेवटच्या तीन महिन्यांत प्लेसेंटाचं एएलपी येऊन आकडा मोठ्यांच्या रेंजच्या दुप्पट वगैरे होऊ शकतो, डिलिव्हरीनंतर काही आठवड्यांत उतरतो. आणि आतड्याचं म्हणाल तर ज्यांचा ब्लड ग्रुप ओ किंवा बी आहे त्यांच्यातल्या बऱ्याच जणांत तुपकट जेवणानंतर ते रक्तात थोडं वाढतं, म्हणून थोडंसंच वाढलेलं असेल आणि सॅम्पल जेवून दिलेलं असेल तर मी आधी सकाळी उपाशीपोटी परत द्यायला सांगते.

लिव्हरकडून वाढतं तेव्हा त्याचा ढंग वेगळा असतो. लिव्हरमध्ये हे एन्झाइम पित्ताच्या बारीक नळ्यांच्या भिंतीवर असतं, पित्त अडलं, खड्याने असो, गाठीने असो की काही औषधांमुळे, की लिव्हर हे एन्झाइम जास्त बनवायला लागतं आणि आकडा दोन, तीन, चार पट होतो. बनवायला वेळ लागतो हे लक्षात ठेवा, पित्ताचा खडा नळीत अडकून रात्री पोटात दुखायला लागलं आणि सकाळी रक्त दिलं तर एएलपी नॉर्मल येऊ शकतं आणि एसजीपीटी आधी उडी मारतं. साध्या व्हायरल काविळीत उलट, एसजीपीटी हजारात आणि एएलपी थोडंसंच वर. म्हणून एएलपी एकट्याने कधी वाचायचं नाही, त्याच्याबरोबर जीजीटी बघायचं. जीजीटी हाडातून येत नाही. एएलपी आणि जीजीटी दोन्ही वर असतील तर पित्ताच्या मार्गाकडे बघा, सोनोग्राफी करा. एएलपी वर आणि जीजीटी नॉर्मल असेल तर संशय हाडावर. यात एक मेख आहे, दारू आणि फिटची काही औषधं, उदाहरणार्थ फेनिटॉइन, जीजीटी स्वतंत्रपणे वाढवतात, त्यामुळे कुठली औषधं चालू आहेत ते डॉक्टरांना न विसरता सांगायचं.

ट्यूबचंही सांगते, कारण होम कलेक्शन वाढल्यापासून हे जास्त दिसतं. या एन्झाइमला काम करायला झिंक आणि मॅग्नेशियम लागतं. जांभळ्या झाकणाच्या ट्यूबमध्ये, जी सीबीसीला वापरतात, त्यात ईडीटीए असतं आणि ते नेमकं हे धातूच खेचून घेतं. त्या ट्यूबमधलं रक्त जराही लाल किंवा पिवळ्या झाकणाच्या ट्यूबमध्ये गेलं तर एएलपी खोटं खोटं खाली पडतं, सोबत कॅल्शियम खाली आणि पोटॅशियम वर जातं कारण ते ईडीटीए पोटॅशियमचंच असतं. हे तीन एकत्र दिसले की आम्ही रिपोर्ट सोडत नाही, नवीन सॅम्पल मागवतो. तुमच्या घरी कोणी रक्त घ्यायला आलं आणि एका ट्यूबमध्ये कमी पडलं म्हणून दुसऱ्यातलं ओतायला लागलं तर त्याला थांबवा, परत टोचलं तरी चालेल.

खरोखरच कमी असणं हा वेगळा विषय आहे, त्याच्याकडे फारसं कोणी बघत नाही याची मला खंत आहे. सगळे एच शोधतात, एल सोडून देतात. झिंकची कमतरता, थायरॉइड कमी असणं, विल्सन डिसीज म्हणजे शरीरात तांबं साचण्याचा आजार, यात एएलपी कमी दिसू शकतं, आणि हायपोफॉस्फेटेशिया नावाचा जन्मजात आजार आहे, ज्यात हेच जीन बिघडलेलं असतं, पायरोफॉस्फेट साचतं आणि हाडं पक्की होत नाहीत. त्यात लहान मुलांचे दुधाचे दात पाच वर्षांच्या आधीच मुळासकट पडतात. दुर्मिळ आहे, पण मुलाच्या रिपोर्टवर ३५ आलं आणि समोर काहीच खूण नाही, कारण रेंज मोठ्यांची, तर तिथेही चुकायला होतं, तेरा वर्षांच्या मुलाला ३५ हे फारच कमी आहे. या आजारावर एन्झाइमच इंजेक्शनने द्यायची ट्रीटमेंट आता निघालीय, २०१५ मध्ये तिला परदेशात मान्यता मिळाली.

हे एन्झाइम रक्ताबाहेरही कामाला येतं. गाईम्हशीच्या कच्च्या दुधात एएलपी असतं, आणि दूध ७२ डिग्रीला १५ सेकंद तापवून पाश्चराइज केलं की रोगजंतू मरतात आणि त्यांच्यापेक्षा जरा जास्त उष्णता लागते ती एएलपी मरायला. म्हणून डेअरीत पाश्चराइज झालेल्या दुधात फॉस्फेटेज टेस्ट करतात, पिवळा रंग आला तर दूध नीट तापलं नाही किंवा नंतर कच्चं दूध मिसळलं. तत्त्व तेच, आमच्या मशीनमधलंच. तुमच्या मुलाला दूध देताना याची काळजी नको, उष्णतेने मेलेलं असो की जिवंत, दुधातलं एएलपी पोटात पचून जातं, रक्तातल्या आकड्यात येत नाही.

आता सासूबाई. वय ६८, एएलपी १८६, त्यांच्यासाठी छापलेली रेंज बरोबर आहे, म्हणजे हे खरंच वाढलेलं आहे. जीजीटी आणि बिलिरुबिन नॉर्मल, म्हणजे लिव्हरपेक्षा हाडांकडे बोट जातं. कंबर, मांड्या दुखतात, जिना चढता येत नाही. आपल्याकडे फ्लॅटमधून लिफ्ट, लिफ्टमधून गाडी, अंगावर पूर्ण कपडे, ऊन लागतंच कुठे, त्यामुळे पहिला संशय व्हिटॅमिन डी खूप कमी होऊन हाडं मऊ पडल्याचा, ज्याला ऑस्टिओमलेशिया म्हणतात. त्यात हाड घालणाऱ्या पेशी काम करत राहतात पण साचायला कॅल्शियम-फॉस्फेट पुरत नाही, म्हणून एएलपी चढतं. नुसती हाडं ठिसूळ झालेली असतील, म्हणजे ऑस्टिओपोरोसिस, तर एएलपी बहुतेक वेळा नॉर्मलच असतं, तेव्हा या वयात असं होतंच म्हणून सोडून देऊ नका. अलीकडे पडल्या होत्या का, फ्रॅक्चर झालं होतं का हेही विचारा, भरत असलेलं हाडसुद्धा आकडा वाढवतं. पूर्वी कधी कॅन्सरची ट्रीटमेंट झाली असेल तर ते डॉक्टरांना पहिल्या वाक्यात सांगा, कारण हाडात पसरलेल्या आजारातही हे वाढतं.

त्यांना फिजिशियन किंवा एंडोक्रायनॉलॉजिस्टकडे न्या, याच आठवड्यात न्या पण रात्री इमर्जन्सीत धावायची गरज नाही. डॉक्टर बहुधा कॅल्शियम, फॉस्फरस, क्रिएटिनिन, २५-हायड्रॉक्सी व्हिटॅमिन डी आणि पीटीएच, म्हणजे कॅल्शियम सांभाळणारं पॅराथायरॉइड हार्मोन, लिहून देतील, गरज वाटली तर दुखतंय तिथला एक्स-रे. केमिस्टकडून साठ हजाराची सॅशे आणून आधीच सुरू करू नका, आधी रक्त द्या, नाहीतर खरी पातळी कळणार नाही आणि क्वचित कॅल्शियम आधीच जास्त असलं तर सॅशेने नुकसान होईल. आणि निदान ऑस्टिओमलेशियाचंच निघून औषध सुरू झालं तर एक गोष्ट आत्ताच सांगून ठेवते, पहिल्या काही आठवड्यांत एएलपी खाली यायच्या ऐवजी अजून थोडं वर जाऊ शकतं, कारण आता कुठे हाडाला माल मिळतोय आणि पेशी जोरात कामाला लागल्यात. दुखणं कमी व्हायला लागलेलं असतं आणि आकडा मात्र वाढलेला दिसतो, तेव्हा औषध लागू पडत नाही असं समजून बंद करू नका, डॉक्टर सांगतील त्या वेळी, बहुधा तीनेक महिन्यांनी, त्याच लॅबमध्ये परत करा.